दुखापत एका स्नायूची, सुट्टी अख्ख्या शरीराला: या चुका टाळा

व्यायाम करताना कळ आली की माणसं दोनपैकी एक वाट धरतात. काहीजण 'होईल बरं' म्हणत त्याच दिवशी उरलेले सेट पुरे करतात. काहीजण आडवे होतात ते महिनाभर बुटांकडे बघत नाहीत. मी एकाच दुखापतीत दोन्ही करून बसलो. स्प्रिंट मारताना मांडीच्या मागे कळ आली, तरी आणखी दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, तेव्हा घाबरून सगळंच बंद केलं. वर वजन वाढेल म्हणून जेवणही निम्म्यावर आणलं. यातली शेवटची चूक सर्वांत महाग पडली आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

'हालचालच नाही, मग खायचं कशाला?'

वरवर हा हिशोब बिनचूक वाटतो. पण शरीरात दुरुस्तीचं काम सुरू झालेलं असतं आणि त्याला ऊर्जा लागते, कच्चा माल लागतो. दुखापत मोठी असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर नुसतं पडून असतानाही शरीराचा खर्च वाढतो. कुबड्या घेऊन चालायला तर साध्या चालण्याच्या दुपटीहून जास्त शक्ती लागू शकते. म्हणजे व्यायाम सुटल्यामुळे वाचणाऱ्या कॅलरी आपण धरतो तेवढ्या नसतात.

त्यात न वापरलेला स्नायू फार लवकर झिजतो. निरोगी तरुणांचा एक पाय प्लास्टरसारखा बांधून ठेवलेल्या एका प्रयोगाचे आकडे 2014 साली प्रसिद्ध झाले: मांडीचा पुढचा स्नायू 5 दिवसांत सुमारे 3.5 टक्के आणि 14 दिवसांत सुमारे 8 टक्के बारीक झाला. ताकदीची घट आणखी मोठी होती, दोन आठवड्यांत जवळपास 23 टक्के. हे झालं पोटभर जेवणाऱ्या धडधाकट माणसांचं. अशा वेळी उपाशी राहिलात तर झीज वाढणारच. माझा काटा दोन आठवड्यांत दीड किलो खाली आला तेव्हा मी खूश होतो. पॅंट कमरेत होती तशीच होती, मांडीत मात्र सैल झाली होती, तेव्हा कुठे लक्षात आलं.

मग खायचं किती? दुखापत किरकोळ असेल तर व्यायामासाठी म्हणून जे जास्तीचं पोटात जात होतं तेवढं काढा: वर्कआउटच्या आधीचा खाऊ, गोड एनर्जी ड्रिंक, रविवारच्या लांब धावेनंतरचं दुप्पट जेवण. मूळ जेवणाला हात लावू नका. दुखापत मोठी असेल तर पहिले काही आठवडे कपात अजिबातच नको.

प्रोटीन तर वाढवायचं असतं. एरवी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे 0.8 ग्रॅम किमान धरतात. दुखापतीतून सावरणाऱ्या व्यायामपटूंना साधारण 1.6 ते 2 ग्रॅम सुचवतात. 70 किलोच्या माणसाला हे दिवसाला 112 ते 140 ग्रॅम पडतं. इथे पुढची चूक होते: दिवसभर चहा-बिस्किटावर काढून सगळं प्रोटीन रात्रीच्या ताटात घ्यायचं. त्यापेक्षा चार वेळांना 28 ते 35 ग्रॅम असं वाटून घ्या. अंडी, दूध, दही, मासे, चिकन, डाळी, सोयाबीन, जे चालतं ते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे आकडे आपल्या मनाने लावू नका, डॉक्टरांना विचारा.

फळं आणि भाज्या लोक 'हलकं खाणं' म्हणून खातात, पण त्यांचं खरं काम वेगळं आहे. व्हिटॅमिन सी नसेल तर कोलॅजन या प्रोटीनचा धागा घट्ट वळला जात नाही, आणि लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा), टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), जखमेचा वण हे सगळं कोलॅजनचंच. 1740 साली निघालेल्या जॉर्ज ॲन्सन यांच्या जगप्रदक्षिणेत स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या अभावाचा रोग, झालेल्या एका खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडली आणि जुळलेलं हाड सुटलं, अशी नोंद आहे. म्हणून लगेच गोळ्यांचा मारा करायचं कारण नाही. रोजची एक-दोन फळं आणि भाजी यात गरज भागते.

दारूचं एका ओळीत: स्नायूबांधणी मंदावते आणि झोप बिघडते, त्यामुळे हे काही आठवडे ती नकोच.

पूर्ण आराम म्हणजे उपचार, हा समज

विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये मांडलं आणि ते जगभर पाठ झालं. त्याच मर्किन यांनी 2014 मध्ये सांगितलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. आपण अजून पहिलंच वाक्य धरून बसलोय. बर्फाने ठणका कमी होतो, तेवढ्यापुरता तो ठीक आहे. पण सुरुवातीचे दोन-तीन दिवस गेले की दुखऱ्या भागाला बेताची हालचाल हवी असते. नवे तंतू ताण ज्या दिशेने पडतो त्या दिशेने रचले जातात. ताणच दिला नाही तर वण वेडावाकडा आणि कमजोर राहतो.

दुसरं म्हणजे, पाय दुखावला म्हणून हात का बसवायचे? आणि दुसरा पाय? एका बाजूच्या व्यायामाने न वापरलेल्या बाजूचीही ताकद वाढते, हे येल विद्यापीठातल्या प्रयोगांत 1894 मध्येच दिसलं होतं. स्नायू एका पायाचा असला तरी हुकूम देणारी मज्जासंस्था दोन्हींची एकच. मला हे फिजिओने सांगितलं तेव्हा थाप वाटली. 'एकाच पायाचा व्यायाम केला तर दुसरा अजूनच बारीक दिसेल' अशी माझी भीती होती. तरी चांगल्या पायाचे लेग प्रेस, बसून डंबेल, दोरी ओढणं असं आठवड्यातून तीनदा चालू ठेवलं. परत धावायला लागलो तेव्हा दम तेवढा कमी पडला, ताकद नाही.

वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम करणं ही याच्या अगदी उलट टोकाची चूक. दुखणं हीच तुमची मोजपट्टी आहे, आणि नेमकी तीच तुम्ही झाकून ठेवता.

कॅलेंडर बघून परतणं

'तीन आठवडे झाले, सोमवारपासून लेग डे.' हे वाक्य स्नायूच्या हलक्या ताणाला कदाचित चालेल. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे तो लवकर भरतो. लिगामेंट आणि टेंडनला रक्त कमी मिळतं. मुरगळलेल्या घोट्याला सहा ते बारा आठवडे सहज लागतात, कुरकुरणाऱ्या टेंडनला कित्येक महिने. मुख्य म्हणजे दुखणं थांबतं आधी आणि ताकद येते नंतर. मधल्या त्या काळात माणूस फसतो. मांडीचा मागचा स्नायू एकदा दुखावलेल्यांना तो पुन्हा दुखावण्याचा धोका जास्त असतो, त्याचं एक मोठं कारण हेच. गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी होईपर्यंत, आणि किमान नऊ महिने, खेळात परतू नका असं सांगतात ते काही उगाच नाही.

मी स्वतः वापरली ती कसोटी साधी आहे. शून्य ते दहामध्ये दुखणं तीनपर्यंत असेल तर व्यायाम चालू ठेवायचा, त्यावर गेलं तर वजन कमी करायचं किंवा थांबायचं. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. कालच्याइतकंच किंवा कमी दुखत असेल तर काल केलं ते झेपलं. सूज आली किंवा आखडलं, तर जास्त झालं. सुरुवात पूर्वीच्या निम्म्या वजनाने करा. आणि एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा: वजन तरी, सेट तरी, वेग तरी.

गाडी अडली असेल तर

दर वेळी एकाच टप्प्यावर दुखणं परत येतंय? बहुतेकदा मधली पायरी सुटलेली असते. चालणं जमलं की लोक थेट धावतात; भरभर चालणं, चढ, हलकी जॉगिंग हे सगळं गाळून.

सगळं नीट करूनही आठवडेच्या आठवडे सुधारणा नाही, सतत थकवा आहे, झोप लागत नाही? आधी ताटाकडे बघा. बायकांची पाळी लांबली किंवा थांबली, तर शरीराला ऊर्जा पुरत नसल्याची ती खूण असू शकते. अशा स्थितीत हाडंही कमकुवत होतात. हाडाला चीर पडून बसलेल्या धावपटू मुलीने 'वजन वाढू नये' म्हणून डाएट करणं यासारखं उलटं काही नाही.

उलट वजन भराभर वाढतंय? मग ते दुरुस्तीचं खाणं नसून बहुधा कंटाळ्याचं खाणं आहे. व्यायामाची ठरलेली वेळ रिकामी पडते आणि हात डब्याकडे जातो. त्या वेळेला फिजिओने दिलेले व्यायाम टाका.

आणि काही गोष्टींत घरी प्रयोग करायचे नाहीत. दुखापतीच्या क्षणी 'टक्' असा आवाज आला आणि लगेच सूज आली, पायावर भार टाकून चार पावलंही चालवत नाही, सांधा वाकडा दिसतो, बधिरपणा आला, अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जबर व्यायामानंतर लघवी कोलासारखी काळपट झाली तर थेट रुग्णालयात जा, कारण तुटलेल्या स्नायूंतून सुटलेलं मायोग्लोबिन हे प्रोटीन मूत्रपिंडाला इजा करू शकतं. पाय बांधून बसलेल्या माणसाची पोटरी एकाएकी सुजली, लाल झाली, दुखायला लागली तर ती चोळू नका. तिथे रक्ताची गुठळी असू शकते. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं, तर दुसरा विचार न करता रुग्णवाहिका बोलवा.