पैसा येतस का जातस? मोबाईलमधले शब्द, जसे मी दुकानात समजावते

अमळनेरला बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं छोटं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, सुरतेच्या गाडीचं तिकीट, कॉलेजचे फॉर्म, सगळं इथे होतं. नऊ वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. माणसं मोबाईलपाशी अडत नाहीत, शब्दांपाशी अडतात. कापूस मोजताना काट्यावर किलोभर इकडेतिकडे झालं तर ज्याच्या लगेच लक्षात येतं, तोच माणूस ‘रिक्वेस्ट ॲप्रूव्ह करा’ ऐकलं की नुसता ‘हो’ म्हणतो. शब्द कळला नाही हे सांगायची लाज वाटते, आणि फसवणारा नेमका त्या लाजेवर जगतो.

हे आमच्या घरातच घडलं. माझ्या मोठ्या दिरांना आम्ही जिभाऊ म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ठिबकच्या जुन्या नळ्या विकायची जाहिरात मोबाईलवर टाकली. तासाभरात एकाचा फोन आला. त्याने भाव पाडला नाही, नळ्या बघायला येतो असंही म्हटलं नाही. ‘एक कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, चौदा हजार तुमच्या खात्यात जमा होतील,’ एवढंच. जिभाऊंनी पिन टाकला आणि खात्यातून चौदा हजार गेले. ‘अहो, उलटं झालं वाटतं, परत पाठवतो, पुन्हा स्कॅन करा.’ त्यांनी पुन्हा केलं. दोन्ही मिळून अठ्ठावीस हजार गेले. घरात त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही जेवताना ताटावरून उठून, भिंतीकडे बघत: ‘मना पैसा गयात.’

तेव्हापासून दुकानात कुणीही मोबाईल पुढे करून ‘ताई, इथे काय दाबू?’ म्हणालं, की मी आधी विचारते, पैसा येतस का जातस? पैसे येताहेत की जाताहेत? त्याचं उत्तर मिळेपर्यंत बोट खाली टेकवायचं नाही.

पिन, क्यूआर आणि ओटीपी

यूपीआय म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात मोबाईलवरून लगेच पैसे पाठवायची सोय. ती २०१६ मध्ये सुरू झाली. फोनपे, गुगल पे, पेटीएम, भीम ही त्या एकाच रस्त्याला लागणारी वेगवेगळी दारं आहेत, म्हणून तुमच्याकडे एक ॲप आणि दुकानदाराकडे दुसरं असलं तरी पैसे पोचतात.

यूपीआय पिन हा तुम्हीच ठरवलेला चार किंवा सहा आकड्यांचा क्रमांक. शिल्लक बघायला तो लागतो, खात्यातून पैसे बाहेर जायला लागतो. पैसे यायला लागत नाही. कधीच नाही. सुरतेहून पोरगा पैसे पाठवतो तेव्हा तुम्ही पिन टाकता का? तुम्ही शेतात निंदणीला असता, मोबाईल घरी चार्जिंगला असतो, तरी पैसे येतात. मग अनोळखी माणसाचे पैसे यायलाच पिन कसा लागेल? एवढं एक उदाहरण मी बाजारच्या दिवशी दहा-दहा वेळा सांगते आणि मला त्याचा कंटाळा येत नाही.

क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. ज्याला पैसे मिळायचे, त्याच्या खात्याचा पत्ता त्यात असतो. जो स्कॅन करतो तो देणारा, ज्याचा कोड असतो तो घेणारा. भाजीवालीच्या टोपलीवर कोड तिचा असतो आणि स्कॅन आपण करतो. घ्यायचे असतील तर आपला कोड समोरच्याला दाखवायचा.

ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा आकडा, दर वेळी नवा. बँक, आधार किंवा व्हॉट्सॲप तो तुमच्याच मोबाईलवर का पाठवतात? कारण काम करणारा माणूस आणि हा मोबाईल हातात असणारा माणूस एकच आहे, याची त्यांना खात्री करायची असते. तुम्ही तो आकडा फोनवर वाचून दाखवलात, की परका माणूस तुमच्या नावाने तुमच्या जागी उभा राहतो.

अर्ज भरताना ओटीपी मलाही मागावा लागतो. म्हणून मी म्हणते, मावशी, नुसता आकडा सांगू नका, आधी अख्खा मेसेज वाचा, नाहीतर नातीकडून वाचून घ्या. ओटीपी कशासाठी आलाय हे बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. आपलं काम आधारचं चाललंय आणि मेसेज बँकेचा आलाय, तर तो मलाही देऊ नका. रोजच्या ओळखीच्या माणसालाही हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

अंगठ्याचं तेवढंच महत्त्वाचं. आधारशी जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे निघतात, तिथे पिनही लागत नाही आणि ओटीपीही. गावात बँक नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना ही सोय फार मोलाची आहे. पण ‘पुन्हा अंगठा ठेवा, आधीचा आला नाही’ असं कुणी म्हटलं, तर आधीचा व्यवहार झाला नाही अशी पावती मागा, मगच दुसऱ्यांदा ठेवा. ही सोय तुम्ही वापरतच नसाल, तर आधारच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करता येतं, म्हणजे तुमच्या अंगठ्याची पडताळणी बंद होते. लागेल तेव्हा पुन्हा उघडता येतं.

लिंक आणि एपीके

डेटा, वाय-फाय आणि हॉटस्पॉट यांत फसण्यासारखं थोडं आहे, म्हणून थोडक्यात. डेटा म्हणजे तुमच्या सिमवर विकत घेतलेलं इंटरनेट. वाय-फाय म्हणजे घरातल्या किंवा दुकानातल्या डब्यातून हवेत सोडलेलं. हॉटस्पॉट म्हणजे आपल्या मोबाईलमधलं नेट दुसऱ्याच्या मोबाईलला देणं. स्टेशनवरच्या फुकट वाय-फायवर गाणी ऐका, बँकेचं काम करू नका.

लिंकपाशी मात्र थांबायचं. लिंक म्हणजे दाबल्यावर दुसरीकडे नेणारा पत्ता. पाकिटावर आपण आधी नाव लिहितो, मग गल्ली, शेवटी गाव आणि जिल्हा. पाकीट कुठे जाणार हे शेवटावर ठरतं. वेबसाइटचा पत्ताही शेवटाकडून वाचायचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा. त्यानंतर पहिली तिरपी रेघ जिथे येते, तिच्या लगेच आधी काय आहे ते बघा, आणि रेघच नसेल तर पत्ता जिथे संपतो तिथे बघा. केंद्र किंवा राज्य सरकारचं काम असेल तर तिथे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असायला हवं. ‘पीएमकिसान’ किंवा ‘लाडकी बहीण’ हे शब्द पत्त्यात पुढे कुणीही लावू शकतो, पण ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट कुणालाही विकत मिळत नाही. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाकडे यायला लावलं.

पत्त्याशेजारी कुलूप दिसतं म्हणून निर्धास्त होऊ नका. वाटेत कुणी तुमची माहिती वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही हे कुलूप सांगत नाही. चोराच्या वेबसाइटलाही कुलूप असतं.

एपीके हा शब्द घरातल्या प्रत्येकाला शिकवा. अँड्रॉइड मोबाईलमध्ये ॲप बसवणारी ती फाइल असते. एरवी ॲप आपण प्ले स्टोअरवरून घेतो. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान यादी’, ‘आरटीओ चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ अशा नावाने फाइल येते आणि नावाच्या शेवटी ए-पी-के ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. लग्नपत्रिका फोटो असेल, व्हिडिओ असेल, पीडीएफ असेल. लग्नपत्रिकेला ॲप लागत नाही. ते एकदा बसलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि तुमचे ओटीपी परस्पर चोराकडे जायला लागतात. अवघड गोष्ट ही, की अशी फाइल बरेचदा ओळखीच्याच नंबरावरून येते. त्या माणसाचा मोबाईल आधीच ताब्यात गेलेला असतो आणि त्याला पत्ताही नसतो. लग्नसराईत पत्रिका आली, की दाबण्याआधी त्या घरी एक फोन करा. तेवढ्याने ख्यालीखुशालीही कळते.

चुकून बसवलंच, तर आधी विमान मोड लावा, म्हणजे नेट आणि मेसेज दोन्ही थांबतात. मग दुसऱ्याच्या मोबाईलवरून बँकेला फोन करून खात्याचे व्यवहार बंद करायला सांगा. ॲप काढणं त्यानंतर.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही चोरांची ॲप नाहीत, दुरुस्तीवाले ती कामासाठी वापरतात. पण त्यांतून तुमची स्क्रीन दुसऱ्याला दिसते. ‘बँकेतून बोलतोय, हे ॲप घ्या’ म्हणणारा माणूस तुमचा पिन बघायला बसलेला असतो.

व्हॉट्सॲप

एक टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून निघाला, दोन म्हणजे पोचला, निळ्या म्हणजे वाचला. निळ्या टिक बंदही ठेवता येतात, त्यावरून सुनेशी किंवा व्याह्यांशी भांडू नका.

फॉरवर्ड या शब्दावर मी घाईने पुढे जाऊ शकत नाही. १ जुलै २०१८, रविवार. आपल्याच खान्देशात, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज मोबाईलवरून पसरले होते. त्या पाच जणांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. मेसेज पुढे पाठवणारे कितीतरी जण त्या गावात कधी गेलेही नसतील.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. आज मेसेजवर एक बाण दिसला तर तो कुणीतरी पुढे ढकललेला असतो. दोन बाण दिसले तर तो हातोहात पुष्कळ फिरून आलेला असतो आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दोन बाण दिसले की मी थांबते, आणि तुम्हीही थांबावं असं मी हात जोडून सांगते. ‘खरं असलं तर?’ असं वाटेल. तर गावच्या पोलीस पाटलाला विचारा, पोलीस ठाण्याला फोन करा. ग्रुपवर टाकू नका.

आता दोन कामं हातासरशी करून टाका. सेटिंगमध्ये अकाउंटमध्ये जाऊन ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा आणि सहा आकडी पिन ठेवा. मग कुणाला तुमचा ओटीपी मिळाला तरी नुसत्या तेवढ्यावर तो तुमचं व्हॉट्सॲप स्वतःच्या मोबाईलवर उघडू शकत नाही. दुसरं, ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर तुमचं बोलणं कुणीतरी वाचतंय, त्याला तिथूनच लॉग आउट करा. मुलींना मी आणखी एक सांगते, की प्रायव्हसीमध्ये जाऊन प्रोफाइल फोटो फक्त ओळखीच्या नंबरांना दिसेल असा ठेवा.

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस येऊन म्हणाला, ‘तुमच्या नावाने पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अटक झालीय, खोलीबाहेर जायचं नाही,’ तर फोन कापा. डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं. पोलीस, सीबीआय, न्यायालय कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही की पैसे मागत नाही.

पैसे गेलेच तर

१९३० हा नंबर मोबाईलच्या कव्हरमागे चिठ्ठीवर लिहून ठेवा, कारण घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा मदत क्रमांक आहे. तुम्ही सांगितलेली माहिती तिथून संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे अजून पुढच्या खात्यात पडलेले असतील तर तिथेच अडवले जातात. चोर ते लगेच दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतो, म्हणून इथे दिवस मोजायचे नसतात, मिनिटं मोजायची. जिभाऊंनी तिसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर पैसे कुठल्या कुठे गेले होते, एक रुपयाही परत आला नाही. त्यांना आम्ही कुणी रागावलो नसतो. ते त्यांना माहीत नव्हतं, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं. घरातल्या मोठ्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा, की काही झालं तर त्याच क्षणी सांगा, कुणी बोलणार नाही.

फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि तुमच्या बँकेचं नाव हाताशी ठेवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक बारा आकडी असतो आणि ॲपच्या हिस्टरीत मिळतो. चोराच्या गप्पा, त्याचा नंबर, स्क्रीनशॉट काही पुसू नका. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने बँकेला कळवावं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे, पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, त्याच्याही पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असाच आहे.

मोबाईलच हरवला किंवा बसमध्ये कुणी मारला, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरून तो बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो, म्हणजे त्या मोबाईलचा स्वतःचा पंधरा आकडी ओळख क्रमांक. आत्ता तुमच्या मोबाईलवर *#०६# दाबा, दिसेल तो आकडा रेशनकार्डाच्या पाकिटात लिहून ठेवा. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत हेही तिथेच कळतं, आणि अनोळखी सिम दिसलं तर ते माझं नाही असं कळवता येतं. तक्रार केली की एक क्रमांक मिळतो. तो वहीत उतरवा, खाली तारीख टाका. बँकेत आणि पोलीस ठाण्यात पुढे प्रत्येक वेळी आधी तोच विचारतात.