चिप मारताना बॉल उचलायला जाऊ नका

गोल्फमध्ये ग्रीनपासून म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपासून पाच-सात पावलांवर बॉल, समोर बंकर म्हणजे वाळूचा खड्डा नाही, पाणी नाही, झाड नाही, आणि तरी तिथून होलमध्ये जायला चार शॉट. वीकेंडला खेळणाऱ्यांपैकी हे कोणाचं होत नाही सांगा. ड्राइव्ह म्हणजे सुरुवातीचा लांब शॉट जंगलात गेला की आपण नऊ होल त्याचंच रडत बसतो, पण बॉलच्या मागेच माती खणून बॉल जागच्या जागी ठेवला ते घरी जाईपर्यंत विसरून जातो. म्हणून आज फक्त चिपबद्दल, म्हणजे हवेत थोडा आणि जमिनीवर जास्त जाणारा बुटका शॉट. उंच उडून थांबणारा पिच वेगळा, त्याचं नंतर कधीतरी. उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशोबाने लिहितोय, डावखुऱ्यांनी उलटं करून वाचा.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की बॉल हवेत चढवायचं काम आपलं आहे. ते काम लॉफ्टचं म्हणजे क्लबच्या (मारायच्या काठीच्या) तोंडाच्या तिरपेपणाचं आहे, त्यासाठीच क्लबवर 52, 56, 60 असे डिग्रीचे आकडे असतात. आपण काय करतो, बॉल उचलायला म्हणून वजन उजव्या पायावर घेतो, उजवा खांदा खाली टाकतो आणि शेवटच्या क्षणी मनगट पुढे फेकतो, आणि मग क्लब जिथे सगळ्यात खाली यायला हवा ती जागा बॉलच्या मागे सरकते. तिथून दोनच गोष्टी होऊ शकतात. क्लब जमिनीला आधी लागला तर फॅट, बॉल दोन फूट जातो. जमीन चुकवून वर येताना बॉलच्या पोटाला लागला तर थिन, बॉल ग्रीनच्या पलीकडे. म्हणजे फॅट आणि थिन हे दोन आजार नाहीत, एकच आहे. फॅट बसला म्हणून पुढच्या वेळी अंग वर उचलणारे आणि थिन बसला म्हणून खाली दाबणारे लोक वर्षानुवर्षं याच फेऱ्यात फिरत असतात.

उभं राहण्यापासून सुरुवात करू. पाय जवळ, दोन टाचांमध्ये क्लबच्या डोक्याएवढं अंतर पुरे. डावं पाऊल जरा टार्गेटकडे वळवलेलं. बॉलच्या नेहमीपेक्षा जवळ उभं राहा आणि ग्रिप दोन-तीन इंच खाली धरा, लहान शॉटला लांब दांडा कशाला हवाय. साठ-पासष्ट टक्के वजन डाव्या पायावर, आणि ते शॉट संपेपर्यंत तिथेच, मागे नेऊन परत पुढे आणायच्या भानगडीत पडू नका. शर्टाची बटणं बॉलच्या जरा पुढे आली पाहिजेत. बॉल स्टान्सच्या म्हणजे दोन पायांच्या मधोमध किंवा किंचित मागे, हात बॉलच्या जरासे पुढे. "जरासे" हा शब्द परत वाचा, कारण बऱ्याच जणांना कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं की बॉल उजव्या अंगठ्यापाशी ठेव आणि हात पार डाव्या मांडीपर्यंत ने, आणि तिथूनच पुढचा घोळ सुरू होतो.

तो घोळ काय ते घरी फरशीवर बघता येतं. सँड वेज (वेज म्हणजे जास्त लॉफ्टचा, जवळच्या शॉटचा क्लब) फरशीवर सरळ टेकवा, दांडा उभा, आणि खाली वाकून क्लबच्या पुढच्या धारेकडे म्हणजे लीडिंग एजकडे बघा. ती फरशीला टेकलेली नसते, खाली फट दिसते, व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकतं. क्लब टेकलाय तो मागच्या फुगीर तळावर, आणि हाच बाउन्स. आता कार्ड काढून घ्या आणि दांडा हळूहळू टार्गेटच्या दिशेने झुकवत जा, फट कमी कमी होत जाते आणि एका क्षणी धार फरशीला लागते. मैदानात हीच धार फावड्यासारखी मातीत घुसते. म्हणजे हात फार पुढे नेले की पैसे देऊन घेतलेला बाउन्स आपणच काढून टाकला. उलट दांडा जवळजवळ सरळ ठेवला तर इंचभर आधी लागला तरी तळ गवतावरून घसरत जातो आणि शॉट निभावून जातो. 1932 ची ब्रिटिश ओपन जीन साराझेनने जिंकली ती याच जोरावर, त्याने आपल्या क्लबच्या तळाला सोल्डर लावून तो जाड केला होता म्हणजे वाळूत धार रुतण्याऐवजी तळ वाळू सारत पुढे जाईल, आणि आजचा सँड वेज तिथूनच आलाय.

स्विंगबद्दल फार लिहिण्यासारखं नाहीये खरं तर. खांदे आणि छाती एकत्र वळवायची, मनगटं शांत, दोन्ही हात आणि छाती मिळून जो त्रिकोण होतो तो मोडू द्यायचा नाही. मागे जितकं तितकंच पुढे, किंवा पुढे थोडं जास्त. शॉट संपल्यावर छाती टार्गेटकडे बघतेय का ते तपासा, नसेल तर अंग थांबलं आणि फक्त हात गेले. सगळ्यात वाईट सवय म्हणजे क्लब मागे भरपूर न्यायचा आणि मग खाली येताना घाबरून ब्रेक लावायचा, त्यापेक्षा मागे कमी न्या आणि बिनधास्त पुढे जाऊ द्या.

आता माझ्या मते जो खरा मुद्दा आहे तो, बॉल कुठे पाडायचा. बहुतेक जण पिनकडे म्हणजे होलमधल्या झेंड्याकडे बघून मारतात. पिन ही बॉल थांबायची जागा आहे, पडायची जागा वेगळी, आणि तुमचा शॉट तिथपर्यंतच आहे, पुढचं काम उताराचं. ग्रीनच्या आत साधारण एक पाऊल, सपाट जागा शोधा, एखादा पिवळा पडलेला ठिपका वगैरे दिसतोच, आणि नजर तिथेच ठेवा. फ्रिंजवर म्हणजे ग्रीनच्या कडेच्या पट्ट्यावर पाडू नका, तिथलं गवत कधी बॉल धरतं कधी उडवतं. आणि त्या जागी ग्रीनवर कोणाच्या बॉलचा खड्डा असेल तर तो बुजवा, तुमचा बॉल ग्रीनच्या बाहेर असला तरी नियमात बसतं. फ्रिंजवरचा खड्डा मात्र तुमच्या लाइनमध्ये असेल तर हात लावायचा नाही.

जागा ठरली की मग क्लब, आधी नाही. इथे 12 चा नियम कामाला येतो. बारातून क्लबचा नंबर वजा करा, जे उरेल तितके भाग बॉल जमिनीवर पळतो, हवेत एक भाग. पिचिंग वेजला 10 धरा, म्हणजे हवेत एक आणि जमिनीवर दोन. नऊ नंबरला एकास तीन, आठला एकास चार, सातला एकास पाच, सँड वेजला साधारण एकास एक. समजा बॉल ग्रीनपासून तीन पावलं बाहेर आहे, एक पाऊल आत पाडायचाय म्हणजे हवेत चार पावलं, आणि तिथून पिन बारा पावलं. बाराला चाराने भागा, तीन, नऊ नंबर काढा. पिन आठच पावलांवर असती तर पिचिंग वेज, चार पावलांवर असती तर सँड वेज. चढ असेल तर एक क्लब कमी लॉफ्टचा, उतार असेल तर जास्त लॉफ्टचा. हा हिशोब सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनचा आहे, शिवाय हल्लीच्या काही सेटमध्ये पिचिंग वेज 43-44 डिग्रीचाच येतो, पूर्वी तो 47-48 चा असायचा, त्यामुळे नवीन सेटवाल्यांचा बॉल जरा जास्त पळणार. पंधरा मिनिटं प्रॅक्टिस ग्रीनवर घालवून आपापला आकडा काढून ठेवा. वेजचा लेख म्हणून आलात आणि हा नऊ नंबर काय काढायला सांगतोय असं वाटत असेल, पण वेज चांगला खेळणारा माणूस तो कधी बॅगेत ठेवायचा हेही जाणतो.

टीव्हीवर लोक 60 डिग्रीच्या वेजने उंच उडवतात म्हणून आपणही तेच काढतो, पण त्यांची ग्रीन्स काचेसारखी आणि लाय म्हणजे बॉल पडलेली जागा कापलेल्या गालिच्यावर. आपल्याकडे येरवड्याला खेळा नाहीतर चेंबूरला, जून ते सप्टेंबर आणि एप्रिल-मे हे दोन वेगवेगळे खेळ आहेत. पावसात जमीन मऊ, धार पटकन रुतते, तेव्हा 12-14 डिग्री बाउन्सवाला वेज सोन्यासारखा. ग्रीन्सही हळू, म्हणून 12 च्या नियमात बॉल कमी पळेल असं धरा आणि एक क्लब कमी लॉफ्टचा घ्या. ओल्या गवतात फेस म्हणजे क्लबचं तोंड आणि बॉल यांच्यामध्ये पाणी शिरतं, स्पिन मरतो, तेव्हा टॉवेलने फेस प्रत्येक शॉटला पुसा. गोल्फ क्लबने म्हणजे संस्थेने प्रिफर्ड लाइजचा (बॉल उचलून पुसून परत ठेवू देणारा) लोकल रूल लावलेला असेल तर बॉल उचलून पुसायची संधी फुकट घालवू नका. उन्हाळ्यात उलटं, जमीन टणक, गवत विरळ, जास्त बाउन्सचा वेज जमिनीवर आपटून उसळतो आणि धार बॉलच्या मध्यावर लागते. तिथे कमी बाउन्सचा वेज, किंवा क्लबची टाच जरा उचलून टो म्हणजे पुढचं टोक खाली ठेवून पटिंगसारखा, ग्रीनवर बॉल लोटतात तसा शॉट मारा, जमिनीला क्लबचा फार कमी भाग लागतो आणि बॉल मऊ निघतो. आणि कॅडी म्हणाला "साहेब, पटर घ्या, लोटून द्या" तर इगो मध्ये आणू नका, त्याने त्या ग्रीनवर तुमच्यापेक्षा खूप जास्त बॉल पळताना बघितलेत.

बर्म्युडा गवताचं अजून एक, त्याला दिशा असते. बॉलच्या आजूबाजूला बघा, गवताची पाती तुमच्याकडे झुकलेली असतील तर ती क्लबला धरतात, विशेषतः पाऊस संपल्यावर जाड झालेलं असताना. तिथे फेस थोडा उघडा म्हणजे आकाशाकडे वळवा, बाउन्स वाढतो, ग्रिप डाव्या हाताने जरा घट्ट, आणि मध्येच थांबायचं नाही. पाती पिनकडे झुकलेली असतील तर साधी चिप, बॉल थोडा जास्त पळेल एवढंच.

खोल रफमध्ये म्हणजे वाढलेल्या गवतात मध्येच थांबलं की काय होतं त्याचं उदाहरण 1985 च्या यूएस ओपनचं. तैवानचा टी. सी. चेन शेवटच्या दिवशी चार शॉटने पुढे होता, पाचव्या होलवर ग्रीनजवळच्या रफमधून चिप मारली, क्लब गवतात अडकून मंदावला, बॉल हळूच वर आला आणि पुढे जाणारा क्लब त्याला हवेतच दुसऱ्यांदा लागला. दंडासकट त्या होलवर आठ, आणि शेवटी अँडी नॉर्थकडून एका शॉटने हरला. 2019 पासून चुकून दोनदा लागलं तर दंड नाही, एकच शॉट मोजतात, तेवढी तरी सोय झाली.

प्रॅक्टिसचं सांगतो. रेंजच्या म्हणजे सरावाच्या मैदानातल्या मॅटवर चिप मारून खूश होऊ नका, मॅटवर दोन इंच मागे लागलं तरी क्लब घसरून बॉलपर्यंत पोचतो आणि शॉट झकास वाटतो, गवतावर त्याचाच खड्डा होतो. मॅटच वापरायची तर बॉलच्या चार बोटं मागे टॉवेलची घडी ठेवा, टॉवेल हलला म्हणजे फॅट. ग्रीनवर जागा मिळाली तर दुसरा टॉवेल पडायच्या जागी टाका आणि सँड, पिचिंग, नऊ नंबर तिन्हीने त्याच टॉवेलवर पाडा, प्रत्येक बॉल किती पळतो ते आपोआप डोक्यात बसतं. मनगट फेकायची सवय मोडायला फक्त डाव्या हाताने मारून बघा, सुरुवातीला हसू येईल. शेवटची दहा मिनिटं एकच बॉल घ्या, कुठेही टाका, चिप आणि पट मिळून दोन शॉटमध्ये होल करा. ढीगभर बॉल एकाच जागेवरून मारताना दुसरा-तिसरा चांगला बसतोच, कोर्सवर दुसरा बॉल मिळत नाही. बॉलही तोच वापरा जो खेळताना वापरता, कडक कव्हरचा स्वस्त बॉल आणि युरेथेन कव्हरचा बॉल यांच्यात चिपवर कमालीचा फरक पडतो.

नवीन वेज घ्यायचाच असेल तर आधी आपल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट शोधा आणि तिथून चार-सहा डिग्रीच्या अंतराने चढा. 44 असेल तर 50 आणि 56 मध्ये भागतं, 60 नंतर बघू. 56 वर 10 ते 12 बाउन्स आपल्या बाराही महिन्यांना चालतो. आणि जुना वेज टाकून देण्याआधी टूथब्रश आणि कोमट पाण्याने ग्रूव्हज म्हणजे फेसवरच्या खाचा घासून बघा, बऱ्याच वेळा स्पिन गेलेला नसतो, आत गेल्या पावसाळ्याची माती असते.