नव्या गाडीचे रनिंग-इन : या चुका टाळा

नव्या गाडीच्या रनिंग-इनविषयी, म्हणजे नवे भाग एकमेकांशी नीट जुळेपर्यंत गाडी कशी चालवावी याविषयी, दोन मते ऐकू येतात आणि दोन्ही मते मांडणारे लोक तितकेच ठाम असतात. आजची इंजिने कारखान्यातूनच तयार होऊन येतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी काही बिघडत नाही, असे काही जण सांगतात. उलट पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर काटा जाऊच द्यायचा नाही, असा दंडक काही जण पाळतात. माझे मत असे की रनिंग-इन आजही आवश्यक आहे, परंतु त्याच्या नावाखाली बहुतेक लोक जे करतात त्यापेक्षा काहीच न केलेले बरे. दामटणाऱ्याची चूक निदान लवकर उघडी पडते. अतिजपणाऱ्याची चूक वर्षभराने ऑइलच्या डब्यांच्या खर्चात दिसते आणि तोवर तो सगळा दोष कंपनीला देऊन मोकळा झालेला असतो.

टॉप गिअरमध्ये रांगत राहणे

ही चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे आणि तिचाच मला सर्वाधिक कंटाळा आला आहे. ती का बाधते हे कळण्यासाठी इंजिनाच्या आत काय चालते ते थोडे समजून घ्यावे लागते. सिलिंडरची भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसली तरी तिच्यावर होनिंग करून, म्हणजे दगडाने बारीक घासून, एकमेकींना छेदणाऱ्या अतिसूक्ष्म तिरप्या रेघा मुद्दाम ओढलेल्या असतात. त्या रेघांत ऑइल टिकते आणि त्यांच्या माथ्यांवर घासत पिस्टनभोवतीच्या धातूच्या रिंगा भिंतीशी जुळतात, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘बसतात’. मात्र रिंग केवळ स्वतःच्या ताणावर पुरेशी दाबली जात नाही. इंधन पेटल्यावर तयार होणारा वायूचा दाब रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर, भिंतीकडे रेटतो. इंजिनावर भारच पडला नाही तर हा दाब कमी राहतो, रिंग अर्धवट टेकते आणि भिंतीवर उरलेले ऑइल उष्णतेने करपून तिथे चकचकीत थर बसतो. एकदा तो थर जमला की त्या रेघा बुजतात, आणि मग रिंगा बसवण्यासाठी काही शिल्लकच राहत नाही.

विमानांच्या पिस्टन इंजिनांच्या बाबतीत हीच गोष्ट उघडपणे सांगितली जाते. विमानांची इंजिने बनवणाऱ्या लायकॉमिंग कंपनीच्या सूचनांनुसार नवे किंवा नव्याने बांधलेले इंजिन सुमारे 65 ते 75 टक्के शक्तीवर चालवायचे असते, तेही पहिले 50 तास किंवा ऑइलचा खप स्थिरावेपर्यंत. जिथे इंजिन बंद पडणे म्हणजे प्राणाशी गाठ, तिथे जपून वागण्याचा अर्थ रांगणे असा कोणी घेत नाही. मोटारीचे इंजिन वेगळे असते, त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लावू नयेत, परंतु रिंग बसण्यामागचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

माझ्या परिचयातील एक निवृत्त गृहस्थ अत्यंत काटेकोर स्वभावाचे. त्यांनी लहान पेट्रोल इंजिनाची नवी मोटार घेतली आणि पहिले दोन हजार किलोमीटर ती ‘मुलीसारखी सांभाळली’, असे ते अभिमानाने सांगत. सांभाळली म्हणजे सपाट रस्त्यावर, चाळीसच्या आसपास, नेहमी सर्वांत वरच्या गिअरमध्ये. चढ आला तरी गिअर खाली घ्यायचा नाही, कारण इंजिनाचा आवाज वाढला की त्यांचा जीव वर-खाली होई. गाडी त्या गिअरमध्ये घरघरत होती, थरथरत होती, पण टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मापकाचा, काटा खाली आहे यातच त्यांना समाधान होते. पहिल्या सर्व्हिसिंगपूर्वी त्यांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, एकदाही काढून पाहिली नाही. मी ती काढली तेव्हा ऑइल खालच्या खुणेखाली गेले होते, आणि रिकाम्या गिअरवर काही वेळ उभी असलेली गाडी रेस केली की सायलेन्सरमधून निळसर धूर येत होता. वर्कशॉपने ऑइल भरून दिले आणि ‘नव्या गाडीत होते असे’ म्हणून विषय संपवला. पुढे मी त्यांना गाडी खालच्या गिअरमध्ये लांब चढावर न्यायला आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडून इंजिनाच्याच ब्रेकवर खाली आणायला लावले, तेही पुन्हा पुन्हा. ऑइलचा खप घटला, पण कधीच पूर्ण थांबला नाही. त्या टप्प्यावर खरा उपाय इंजिन उघडून सिलिंडर पुन्हा होन करणे हाच उरतो, आणि त्याला त्यांची तयारी नव्हती.

कमी आरपीएमवर (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांवर) जास्त भार टाकणे हे जास्त आरपीएमवर कमी भार टाकण्यापेक्षा वाईट असते, हे नवशिक्यांना पटवणे फार अवघड आहे, कारण त्यांचा निर्णय कानांनी होतो. माझी स्वतःची सवय अशी की इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय काहीच करायचे नाही. त्यानंतर मधल्या गिअरमध्ये, रेडलाइनच्या (इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेच्या) निम्म्यापासून साधारण दोन-तृतीयांशापर्यंत, अर्धा-पाऊण ॲक्सिलरेटर देऊन वेग वाढवायचा आणि मग पाय पूर्ण उचलून गाडीला गिअरमध्येच मंदावू द्यायचे. वेग सतत बदलता ठेवणे महत्त्वाचे असते. म्हणूनच क्रूझ कंट्रोल लावून तासन्‌तास एकाच आरपीएमवर महामार्ग कापणे, हे दिसायला कितीही शांत वाटले तरी, त्या टॉप गिअरमधल्या रांगण्याचेच सख्खे भावंड आहे.

पहिल्याच दिवशी परीक्षा घेणे

याच्या नेमके उलट टोक म्हणजे पहिल्या किलोमीटरपासून रेडलाइन गाठणारे वीर. रिंगांना भार लागतो हे त्यांनी कुठेतरी ऐकलेले असते आणि तेवढ्यावर ते थांबतात. इंजिनात रिंगांखेरीज बेअरिंगे असतात, कॅमशाफ्टचे पृष्ठभाग असतात आणि पुढे गिअरबॉक्सचे व चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचे दातेही असतात. नवे दाते पहिल्या भारात अधिक तापतात. पहिले 800 किलोमीटर ट्रेलर ओढू नका, असे अनेक उत्पादक सांगतात ते याचमुळे. शिवाय आजच्या इंजिनांत होनिंगच्या रेघांचे उंच माथे कारखान्यातच सपाट केलेले असतात, त्यामुळे रिंगा बसवण्यासाठी कोणतीही आतषबाजी करावी लागत नाही. मधला भार पुरतो.

पुस्तिका न उघडता सल्ले गोळा करणे

या चुकीचे सर्वांत महागडे रूप ऑइलच्या बाबतीत पाहायला मिळते. पहिले ऑइल शंभर-दोनशे किलोमीटरवरच काढून टाका, हा सल्ला जुन्या, ओबडधोबड घडणीच्या इंजिनांसाठी शहाणपणाचा होता. होंडाच्या अनेक मोटारींच्या पुस्तिकेत मात्र याच्या नेमके उलट लिहिलेले असते, ते असे की ठरलेल्या वेळेपूर्वी मूळ ऑइल बदलू नका. त्याच पुस्तिकेत पहिले 1,000 किलोमीटर एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर टाळावा आणि पहिले 300 किलोमीटर जोरात ब्रेक मारणे टाळावे, असेही असते. दुसरीकडे बीएमडब्ल्यूच्या एम श्रेणीतील गाड्यांना सुमारे 2,000 किलोमीटरवर खास रनिंग-इन सर्व्हिस असते आणि तिच्यात इंजिनाचे व डिफरन्शियलचे ऑइल बदलले जाते. म्हणजे एका गाडीसाठी योग्य असलेली गोष्ट दुसरीसाठी चूक ठरू शकते, आणि हे ठरवण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असलेल्या त्या पुस्तिकेला आहे.

घर्षण कमी करणारी बाटलीबंद औषधे नव्या इंजिनात ओतणे हा शुद्ध मूर्खपणा आहे, कारण रिंगा बसण्यासाठी थोडे घर्षणच हवे असते. सिंथेटिक ऑइलने रिंगा बसत नाहीत, ही समजूतही सोडून द्यावी. कॉर्व्हेट 1992 पासून कारखान्यातूनच सिंथेटिक ऑइल भरून बाहेर पडत आली आहे.

सकाळी गाडी दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालू ठेवून ‘गरम’ करू नये. अर्ध्या-एका मिनिटात निघावे आणि गाडी चालतानाच हलक्या भारावर गरम होऊ द्यावी. डिझेल इंजिनाला तर रिकामे चालत राहणे विशेष बाधते.

फक्त दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर ऑइल कधी पुरेसे तापत नाही आणि त्यात शिरलेले इंधन व पाणी बाहेर पडत नाही. निदान आठवड्यातून एकदा तरी लांब जावे.

ब्रेक आणि टायर विसरणे

इंजिनाची इतकी काळजी करणारे लोक ब्रेककडे ढुंकूनही पाहत नाहीत. नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत, आणि पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसल्याशिवाय ब्रेक पूर्ण ताकदीने लागत नाहीत. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर मध्यम वेगावरून मध्यम दाबाने गाडी जवळजवळ थांबेपर्यंत हळू करावी, थोडे अंतर चालवून ब्रेक थंड होऊ द्यावेत, आणि हे आठ-दहा वेळा करावे. तापलेले पॅड डिस्कवर दाबून गाडी उभी ठेवू नये, नाहीतर त्या ठिकाणी द्रव्याचा जाड ठिपका उरतो. नंतर पेडल थरथरू लागले की मालक ‘डिस्क वाकली’ म्हणून ती बदलतो. अनेकदा डिस्क वाकलेली नसते, थर असमान बसलेला असतो, आणि नीट बेडिंग, म्हणजे वर सांगितलेली ब्रेक बसवण्याची क्रिया, केल्यावर थरथर कमी होते.

नवे टायर साच्यातून सहज सुटावेत म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश त्यांच्यावर उरलेला असतो. दुचाकीवर ही गोष्ट थेट हाडांवर येते, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर आणि वळणावर झुकताना विशेष सांभाळावे. दुचाकीची नवी चेनही सुरुवातीला ताणते, तेव्हा पहिल्या सर्व्हिसची वाट न पाहता तिचा ढिलेपणा तपासावा.

इलेक्ट्रिक गाडीत रिंगा नाहीत म्हणून रनिंग-इनच नाही, असे मानणाऱ्यांसाठी ब्रेकचा मुद्दा उलट अधिक लागू पडतो. रिजनरेशनमुळे, म्हणजे गाडी मंदावताना ऊर्जा बॅटरीत परत घेतल्यामुळे, बराचसा वेग मोटारच कमी करते, पॅड क्वचित लागतात आणि ते बसायला फार वेळ जातो. पहिल्या आठवड्यात रिजनरेशन शक्य तितके कमी करून काही वेळा मुद्दाम पेडलने गाडी थांबवावी.

काही गोष्टींना घाबरू नये. सायलेन्सरवरचे कारखान्यातील लेप जळण्याचा वास पहिल्या काही फेऱ्यांत येतो आणि जातो. थंड सकाळी येणारी पांढरी वाफही निरुपद्रवी असते. काळजीचे कारण निळसर आणि टिकून राहणारा धूर हे आहे, तसेच डिपस्टिकवर दर वेळी खाली सरकणारी खूण. पहिले काही हजार किलोमीटर दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी इंधन भरताना, गाडी सपाट जागी उभी करून, काही मिनिटे थांबून ऑइल पाहावे आणि किलोमीटरसह वहीत लिहावे. ही नोंद पहिल्या सर्व्हिसिंगला समोर ठेवली की ‘नव्या गाडीत होते असे’ हे उत्तर देणे वर्कशॉपला फार कठीण जाते.