दातांसाठी परदेशातून ठाण्याला येताय? या चुका टाळा

अमेरिका, इंग्लंड किंवा आखातात राहणाऱ्या मुलामुलींनी सुट्टीत घरी येऊन दातांचं काम उरकून घेणं हे ठाणे-नवी मुंबईत आता सर्रास चालतं. अपॉइंटमेंट बहुतेक वेळा इथले आई-बाबा किंवा काका-मामा घेतात. पैशांची बचत खरी आहे. नौपाडा असो की नेरुळ, चांगले डॉक्टर आणि चांगल्या लॅब दोन्ही आहेत. तरीही अशी कामं बिघडतात, आणि त्यात हाताच्या कौशल्यापेक्षा दिवसांच्या हिशेबाचा आणि अर्धवट कागदपत्रांचा वाटा मोठा असतो. दोन्ही गोष्टी पेशंटच्या हातात आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर.

तिकीट आधी, डॉक्टर नंतर

तीन आठवड्यांच्या सुट्टीत काय बसतं आणि काय बसत नाही, ते तिकीट काढण्याआधी पाहा. एका दाढेचं रूट कॅनल आणि त्यावरची कॅप आरामात बसते. पहिल्या दोन दिवसांत तपासणी, ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) आणि त्या दाढेचा आरव्हीजी (एक-दोन दातांचा छोटा डिजिटल एक्स-रे). मग दोन-तीन सिटिंगमध्ये रूट कॅनल. पू झालेला असेल तर मुळांत औषध भरून आठवडाभर थांबावं लागतं. दहाव्या दिवसाच्या आसपास दाढ घासून माप, लॅबचे पाच ते सात दिवस, आणि सोळाव्या-सतराव्या दिवशी कॅप. शेवटचे चार दिवस मोकळे ठेवायचे. ते कशासाठी, ते पुढे येईलच.

इम्प्लांटचं, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या कृत्रिम दाताचं, गणित निराळं आहे. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवायला तासभर पुरतो, पण त्याच्याभोवती हाड धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात चार ते सहा महिने लागतात. वरचं हाड कमी घट्ट असतं, म्हणून हा फरक. त्यामुळे सरळ दोन खेपांचा बेत करा: या सुट्टीत स्क्रू, पुढच्या सुट्टीत दात. ‘आठवड्यात पक्के दात’ अशी जाहिरात दिसली तर दोन प्रश्न विचारा. स्क्रू बसवताना पुरेशी पकड मिळाली नाही तर काय करणार? साधारण ३५ न्यूटन सेंटिमीटर टॉर्क (स्क्रू आवळताना लागणारा पिळाचा जोर) मिळाला तरच लगेच दात बसवायचा विचार होतो, आणि तो आकडा प्रत्यक्ष हाडात गेल्याशिवाय कळत नाही. दुसरा प्रश्न असा, की हीच पद्धत वापरणारा डॉक्टर तुम्ही राहता त्या शहरात आहे का? नसेल तर पुढे बिघाड झाल्यावर हात कोण लावणार?

दात काढला असेल तर निदान दोन-तीन दिवस विमानात बसू नका. खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडण्याचा त्रास, ज्याला ड्राय सॉकेट म्हणतात, तो दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान उभा राहतो, आणि अठरा तासांच्या प्रवासात त्यावर काही इलाज करता येत नाही. वरच्या दाढांसाठी सायनस लिफ्ट (नाकाशेजारच्या पोकळीचा तळ उचलून खाली हाड भरणं) केली असेल तर सहसा दोन आठवडे उड्डाण टाळायला सांगतात आणि नाक जोरात शिंकरायलाही मनाई असते, कारण सायनसमधल्या दाबातला बदल नव्या हाडाला सोसत नाही.

गणपती आणि दिवाळीत येणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. दवाखाना उघडा असला तरी लॅब बंद असू शकते, कारण तिथले कारागीर गावी जातात. माप देण्याआधी ‘लॅब कोणत्या तारखांना बंद आहे?’ हे स्पष्ट विचारा.

तिकडचे रेकॉर्ड विमानतळावर आठवतात

अमेरिकेत हिपा या आरोग्य-माहितीच्या कायद्याप्रमाणे पेशंटने मागितलेले रेकॉर्ड द्यायला दवाखान्याला ३० दिवसांची मुदत असते, आणि लेखी कारण देऊन ती आणखी ३० दिवस वाढवता येते. बिल थकलंय म्हणून रेकॉर्ड अडवता येत नाहीत. इंग्लंडमध्ये एक महिना, आणि सहसा फी नाही. म्हणजे अर्ज प्रवासाच्या दोन महिने आधी गेला पाहिजे. अर्जात नुसतं ‘माझे रेकॉर्ड’ लिहिलंत तर एका पानाचा सारांश हातात पडतो. त्यापेक्षा नेमकं मागा: पूर्ण तोंडाच्या एक्स-रे मालिकेच्या मूळ डिजिटल फायली, हिरड्यांच्या मोजमापाचा तक्ता, उपचारांच्या नोंदी आणि सुचवलेल्या उपचारांचा आराखडा. हे हाताशी असलं की ठाण्यातले डॉक्टर दोन-तीन वर्षांपूर्वीच्या हाडाची पातळी आजच्या पातळीशी ताडून पाहू शकतात. एकट्या नव्या एक्स-रेवर हे कळत नाही.

दाताचा नंबर चुकला तर दातच चुकतो

भारतात दातांना दोन अंकी नंबर देतात. पहिला अंक तोंडाच्या चार भागांपैकी कोणता ते सांगतो: पेशंटची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. दुसरा अंक मधल्या रेषेपासून मागे मोजायचा. म्हणून ३६ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. अमेरिकेत मात्र वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरू करून सलग १ ते ३२ मोजतात, आणि तिकडे हीच दाढ १९ नंबरची असते.

खरा धोका आहे तो दोन्ही पद्धतींत येणाऱ्या आकड्यांचा. आपल्याकडे २६ म्हणजे वरची डावी पहिली मोठी दाढ. अमेरिकेत २६ म्हणजे खालचा उजवा, मधल्याच्या शेजारचा पटाशीचा दात. आपल्याकडचा १४ वरच्या उजव्या बाजूची उपदाढ आहे, तिकडचा १४ वरच्या डाव्या बाजूची मोठी दाढ. चिठ्ठीवर आकडा असला तरी शेजारी ‘वरची डावी पहिली मोठी दाढ’ असं शब्दांत लिहून घ्या, येतानाही आणि जातानाही.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला स्कॅन

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, बहुतेक वेळा दवाखान्यात होत नाही. डॉक्टर चिठ्ठी देतात आणि आपण स्कॅन सेंटरला जातो. तिथे मिळते एक फिल्म, एक छापील रिपोर्ट आणि सीडी किंवा लिंक. घरी येऊन फिल्म खिडकीसमोर धरतो, मोबाइलने फोटो काढतो आणि तो व्हॉट्सअॅपवर परदेशातल्या डॉक्टरला जातो. त्या फोटोवरून हाडाची रुंदी मोजता येत नाही आणि मुळांची वळणंही कळत नाहीत. सेंटरवरच ‘डायकॉम फाइल पेन ड्राइव्हवर द्या’ असं सांगा; डायकॉम म्हणजे वैद्यकीय स्कॅन साठवण्याचा सर्वमान्य फाइल प्रकार. सीडी घेऊन गेलात तर तिकडच्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते, आणि लिंक काही दिवसांनी बंद पडते.

फाइल उघडत नाही, ही तक्रार वारंवार येते. त्याची कारणं ठरलेली आहेत. एक, फोल्डरमधल्या शेकडो फायलींपैकी एकच पाठवलेली असते. पूर्ण फोल्डर झिप करून पाठवा, नावं बदलू नका. दोन, सेंटरने दिलेला व्ह्यूअर फक्त विंडोजवर चालतो आणि समोर मॅक आहे. अशा वेळी विंडोजवर रेडियंट, मॅकवर होरोस अशा स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये डायकॉम उघडून पाहा. तीन, दिलेली फाइल डायकॉम नसतेच, मशीनच्या कंपनीच्या स्वतःच्या प्रकारात साठवलेली असते. ती सेंटरकडूनच बदलून घ्यावी लागते, म्हणून फाइल घरच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्याशिवाय परतीचं सामान भरू नका. व्हॉट्सअॅपनेच पाठवायचं असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं आणि बारकावे जातात.

फाइलवरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. लग्नाआधीच्या नावाची जुनी फाइल चालू ठेवली, किंवा घरच्या ओळखीने नुसतं पहिलं नाव लिहिलं, की विम्याचा दावा तिथेच अडकतो.

फक्त बिल घेऊन परत जाणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. इम्प्लांटच्या डबीबरोबर छोटे चिकटपट्टीचे स्टिकर येतात. त्यावर कंपनी, मॉडेलचा रेफरन्स नंबर, लॉट नंबर (उत्पादनाच्या खेपेचा), व्यास आणि लांबी छापलेली असते. एक स्टिकर दवाखान्याच्या फाइलमध्ये लागतो, दुसरा तुमचा. तो कार्डावर लावून घ्या आणि तिथेच मोबाइलने फोटोही काढा. स्ट्रॉमन, नोबेल बायोकेअर, ऑस्टेम अशा प्रत्येक कंपनीचे जोड आणि स्क्रू वेगळे, आणि एकाच कंपनीत व्यासाप्रमाणेही फरक. चार वर्षांनी टोरांटोत दात जोडणारा वरचा स्क्रू सैल झाला तर तिथल्या डॉक्टरला आधी कोणता स्क्रू-ड्रायव्हर लागेल ते कळायला हवं. स्टिकर असेल तर काम काही मिनिटांचं. नसेल तर एक्स-रेवरून आकार ओळखण्याचा अंदाजपंचे कारभार, आणि तो फसला तर चांगली कॅप कापावी लागते.

स्टिकरसोबत पुढची माहिती लेटरहेडवर घ्या: दात स्क्रूने बसवलाय की सिमेंटने, स्क्रूला किती टॉर्क दिला, हाड वाढवण्यासाठी हाडाची पावडर वापरली असेल तर कोणती. परदेशात राहणाऱ्यांनी जमेल तिथे स्क्रूवाला दातच मागावा, कारण तो न कापता उघडता येतो.

रूट कॅनलसाठी दाढेला किती मुळांच्या नळ्या सापडल्या आणि प्रत्येकीची लांबी किती मिलिमीटर, हे लिहून घ्या. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी बऱ्याचदा असते आणि ती राहून गेली तर पुढे दुखणं उद्भवतं. चार नळ्या भरल्याची नोंद असेल तर तिकडचा डॉक्टर आधी दुसरं कारण शोधेल. सुरुवातीचा, मधला आणि भरून झाल्यावरचा असे तिन्ही आरव्हीजी फाइल म्हणून घ्या. कॅपसाठी पदार्थ, शेड (रंगछटा) आणि सिमेंटचं नाव पुरे. झिर्कोनियाच्या (दाताच्या रंगाच्या कठीण सिरॅमिकच्या) कॅपसोबत लॅबचं वॉरंटी कार्ड येतं. त्यावरचा नंबर कंपनीच्या साइटवर तपासा, आणि वॉरंटीत फक्त कॅप बदलून मिळते की डॉक्टरची फीही धरली आहे, हे विचारा.

हे सगळं नंतर फोनवर मागू असं म्हणू नका. दंतवैद्यकांनी रेकॉर्ड किमान ३ वर्षं ठेवायचे असतात. त्यानंतर फाइल असेलच असं नाही, आणि इम्प्लांट तर पंधरा-वीस वर्षं तोंडात राहतं.

विम्यासाठी बिल वेगळं लागतं. काही अमेरिकी योजना परदेशातल्या उपचारांचा काही भाग देतात, तर काही फक्त तातडीचे उपचार धरतात, म्हणून आधी लेखी विचारा. ‘दातांचे उपचार’ अशा एका ओळीच्या बिलाने काम होत नाही. प्रत्येक दात, प्रत्येक उपचार आणि तारीख वेगळी, डॉक्टरांचा महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक, आणि उपचाराआधीचा एक्स-रे. उपचारांचे अमेरिकी कोड तुम्ही दावा भरताना घालू शकता: सिरॅमिक कॅपला डी२७४०, मोठ्या दाढेच्या रूट कॅनलला डी३३३०.

औषधांची लपवाछपवी

बहुतेक वेळा ती मुद्दाम नसते. ‘दातांशी काय संबंध?’ म्हणून हाडांच्या ठिसूळपणावरच्या गोळ्या किंवा इंजेक्शन सांगायचं राहून जातं. ॲलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड ही औषधं चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका, त्या देणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. मधुमेह असेल तर ताजा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) रिपोर्ट सोबत हवा.

परतीच्या प्रवासातल्या गोळ्यांकडेही लक्ष असू द्या. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. अमेरिकेतलं टायलेनॉल म्हणजेही पॅरासिटामॉलच, तिथे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही एकत्र घेतली तर डोस नकळत वाढतो आणि यकृतावर ताण येतो. दुबई-अबू धाबीला जाणाऱ्यांनी ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामकं बॅगेत टाकण्याआधी थांबावं. अमिरातीत ती नियंत्रित औषधं आहेत आणि आधी परवानगी लागते. डॉक्टरांना ‘मी दुबईला चाललोय, दुसरी गोळी द्या’ एवढं सांगितलं तरी भागतं. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाखाली औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

शेवटच्या दिवशी कॅप

आता ते चार मोकळे दिवस. कॅप बसवताना डॉक्टर निळा किंवा लाल कागद दातांत चावायला देतात आणि डाग पडेल तिथे घासतात. पण तोंड बधिर असताना आपण नेहमीसारखं चावत नाही, त्यामुळे कॅप केसभर उंच राहिलेली कळत नाही. दोन दिवसांनी भाकरी चावताना ती दाढ आधी लागते, कळ येते, रात्री जबडा दुखतो. इलाज पाच मिनिटांचा, पुन्हा कागद लावून घासणं. तोवर विमान उडालेलं असेल तर तिकडे याच पाच मिनिटांचे चांगलेच पैसे मोजावे लागतात. म्हणून कॅप बसल्यावर दोन्ही बाजूंनी नेहमीचं जेवा, दातांमध्ये दोरा फिरवून पाहा. दोरा अडकत असेल, फाटत असेल किंवा अन्न अडकत असेल, तर निघण्याआधी परत जा.

परत गेल्यावर बिघडलं तर

रूट कॅनलनंतर चावताना चार-पाच दिवस हलकं दुखणं चालतं, रोज कमी होत गेलं पाहिजे. वाढत गेलं किंवा हिरडीवर पुटकुळी आली तर आरव्हीजी घेऊन तिथल्या डॉक्टरकडे जा.

कॅप निघाली तर डबीत जपून ठेवा, टाकू नका. फेव्हिक्विक अजिबात नको. त्याने हिरडी भाजते आणि कॅप पुन्हा नीट बसत नाही. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या तात्पुरत्या दंत सिमेंटने बसवली तरी रात्री काढून झोपा, नाहीतर श्वासनलिकेत जाऊ शकते.

इम्प्लांटवरचा दात हलायला लागला तर त्या बाजूने चावणं थांबवा. बहुतेक वेळा आतला स्क्रू सैल झालेला असतो आणि तो आवळता येतो, पण तसंच चावत राहिलात तर स्क्रू तुटतो. इम्प्लांटभोवती पू किंवा दाबल्यावर दुखणं असेल तर प्रश्न हाडाचा आहे, लवकर दाखवा.

गालावरची सूज गळ्याकडे उतरतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जातंय, तर ठाण्यातल्या डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप उत्तराची वाट पाहू नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. रेकॉर्डची फाइल घरचं कुणीतरी मागून घेऊन येईल.