खोल डाइव्हचा बडी (पाण्याखालचा जोडीदार) आधी सहा मीटरवर पारखा

टेक्निकल डाइव्हिंगमध्ये काही बिघडलं तरी थेट वर येता येत नाही, डेको स्टॉप, म्हणजे वर येताना ठरावीक खोलीवरचे थांबे, घ्यावेच लागतात. त्यामुळे नुसतं सर्टिफिकेट बघून कुणाबरोबर ५०-६० मीटरला जायचं ठरवू नका. आधी एक उथळ डाइव्ह लावा.

१. किनाऱ्यावरच विचारा, "शेवटची डाइव्ह अर्ध्यात कधी सोडलीत, आणि का?" "आपण कधीच सोडत नाही" असं ऐटीत सांगणारा मला तरी नको.

२. सिलिंडर भरून आले की तो काय करतो ते बघा. प्रत्येक सिलिंडरला स्वतः अ‍ॅनालायझर (ऑक्सिजन मोजणारं यंत्र) लावतो का? चिकटपट्टीवर ऑक्सिजनचं प्रमाण, कमाल खोली आणि तारीख लिहितो का? ५० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण साधारण २१ मीटरखाली आणि शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरखाली घ्यायचा नसतो. खोलवर चुकून जास्त ऑक्सिजनच्या सिलिंडरचा रेग्युलेटर (श्वास घ्यायचं तोंडातलं उपकरण) तोंडात गेला तर झटके येऊन माणूस बुडू शकतो. "दुकानवाल्यानं तपासलंय" हे उत्तर चालवून घेऊ नका.

३. ६ मीटरवर दहा मिनिटं एका पातळीत थांबा. इथेच वरखाली होणारा खऱ्या डेकोत तुमचाही जीव टांगणीला लावेल.

४. मध्येच हवा संपल्याची खूण करा. लांब होजचा (नळीचा) त्याचा रेग्युलेटर लगेच पुढे यायला हवा. शोधाशोध सुरू झाली तर खोल डाइव्ह रद्द.

असा सराव होणार हे आधी सांगून ठेवा, आणि त्याचा रेग्युलेटर हातात आल्याशिवाय स्वतःचा तोंडातून काढू नका.