सुरीचं डिझाइन लेझर कटिंगला टाकायच्या आधी

ट्रेकला न्यायची सुरी स्वतः डिझाइन करताय तर वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत एकदम लॉट कापायला टाकू नका, आधी प्लायवूडची खऱ्या मापाची एक बनवा, मूठ साबणाच्या पाण्याने ओली करा आणि दहा मिनिटं फांदी तासल्यासारखा हात चालवा, तळहाताला कुठे टोचतंय, हात पुढे पात्यावर सरकतोय का, सगळं तिथेच कळतं. स्क्रीनवर काय, सगळ्याच मुठी भारी दिसतात.

पातं ९ इंच लांब आणि २ इंच रुंद याच्या आतच ठेवा, पुढे गेलं की शस्त्र नियमांची कटकट.

मग स्टीलचे दोनच पीस. ईएन ३१ (बेअरिंगचं स्टील) असेल तर पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून कडक केल्यावर, साधारण २०० डिग्री सेल्सियसला टेंपर करून घ्या, म्हणजे ठिसूळपणा जाण्यासाठी परत गरम करा, ५८ ते ६० एचआरसी (कडकपणाचं माप) पुरे. आता खरी टेस्ट: ६ मिमीची पितळी सळई व्हाइसमध्ये आडवी पकडा, गॉगल घाला, धार तिच्यावर थोडी तिरकी टेकवून दाबत सरकवा आणि उजेडात नीट बघा, धार किंचित वाकून परत सरळ झाली तर पास, वाकलेलीच राहिली तर पाणी कमी पडलंय, टवका उडाला तर जास्त कडक झालंय नाहीतर धार फारच पातळ काढलीय.

लाकडावरची टेस्ट मात्र ठाण्याच्या येऊरला जाऊन करू नका हां, ते नॅशनल पार्कात येतं, वखारीतून तुकडे आणा. आणि ईएन ३१ गंजतं, आपल्याकडच्या पावसात तर लगेच, तेलाचा हात फिरवून ठेवा.