ईव्ही-हायब्रिडचा टेंपरेचर सेन्सर बदलताय? आधी या चुका टाळा

स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड दिसला, सेन्सर मागवला. नव्या पोरांचं निदान एवढ्यात उरकतं. सेन्सर बिचारा बरेचदा ठणठणीत असतो.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे कोडमधलं 'लो' आणि 'हाय' तापमानाचं समजणं. ते व्होल्टेजचं असतं. बॅटरीचे, मोटरचे सेन्सर बहुतेक एनटीसी जातीचे, तापले की रेझिस्टन्स उतरतो आणि त्याबरोबर व्होल्टेजही. म्हणजे 'सर्किट लो' आलं की ईसीयूला, गाडीच्या कॉम्प्युटरला, तो भाग तापलेला दिसतो. वायर तुटली की 'सर्किट हाय' आणि स्क्रीनवर उणे ४०. पुण्यात उणे ४० दिसले तर आधी कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग, निघालाय का बघा.

गेल्या जुलैत सिंहगड रोडचे एक काका इलेक्ट्रिक गाडी घेऊन आले. साचलेल्या पाण्यातून घातली होती, तेव्हापासून कात्रजचा घाट चढताना दम टाकायची. कोड पी०ए२सी, ड्राइव्ह मोटरचा सेन्सर, सर्किट लो. आधीच्या गॅरेजात सेन्सर बदलून झाला होता, आता कंट्रोलरचं कोटेशन हातात दिलेलं. मी म्हटलं, रात्रभर ठेवा. "अहो, आत्ताच बघा की, संध्याकाळी लग्नाला जायचंय." रिक्षाने जा म्हटलं.

सकाळी ६ला स्कॅनरवर लाइव्ह डेटा, सेन्सरांची चालू रीडिंग, उघडला. बाहेर २३, बॅटरीचे सगळे सेन्सर २४-२५, मोटर मात्र ५१. रात्रभर गार पडलेली मोटर ५१ कशी असेल? कपलर उघडला तर सील फाटलेलं, आत चिखलाचं पाणी. त्यातून दोन पिनांमध्ये करंट झिरपत होता, म्हणून रेझिस्टन्स कमी आणि मोटर तापलेली दिसत होती. साफ करून सुकवला, नवं सील बसवलं, मोटर २४वर आली.

पण सकाळचं रीडिंग जुळलं म्हणून लगेच गाडी सोडू नका. गंजलेली पिन उलटा खेळ करते, रेझिस्टन्स वाढवून गाडी गार दाखवते. २५ अंशांना १० किलोओमच्या सेन्सरला १ किलोओम जादा लागला तर दोनेक अंशांचाच फरक, तोच ६० अंशांना नऊ-दहा अंश खातो. म्हणून मी गाडी घाटात तापवून पुन्हा बघतो.

कोड आधी डिलीट करू नका, फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला तेव्हाच्या रीडिंगची नोंद, तीही जाते. हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळची बॅटरी फॅनची जाळी काढून बघा. धूळ आणि कुत्र्याच्या केसांनी बुजलेली असेल तर सेन्सर खरं तेच बोलतोय. आणि दिवा विझवायला सेन्सरच्या जागी रेझिस्टर जोडणाऱ्याने माझ्या गॅरेजात पाऊल टाकू नये. उद्या बॅटरी खरंच तापली तर गाडीला ते कळणारच नाही.

नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या केबलीजवळ हात घालायचा असेल तर गाडी बंद, हातात हाय व्होल्टेजचे ग्लोव्हज, बॅटरीचं सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग काढून माझ्या खिशात. मग कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबायचं, बऱ्याच गाड्यांना १० मिनिटं. आमच्याकडे तेवढ्यात चहा होतो. त्यानंतर मीटरवर शून्य बघायचं. "पाच मिनिटं पुरतात हो," म्हणणारा एक पोरगा आहे. त्याला सध्या मी पंक्चर काढायला बसवलाय.